मायेचा पांगुळगाडा

ज्या घरात विशेष मूल जन्माला आले आहे, त्या घरात एक प्रश्न रोज रात्री निजायच्या वेळी उठून बसतो : "आमच्यामागे याचे कसे होणार?" प्रश्न आईचा असतो, बापाचा असतो, आजी तो देवापुढे विचारते आणि मामा लग्नाच्या पंगतीत विचारतो. उत्तर म्हणून कोणी बँकेत ठेव ठेवतो, कोणी धाकट्या भावाकडून शब्द घेतो, कोणी राहती जागा त्याच्या नावावर करतो. हे सारे अवश्य करावे. त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते त्याच घरात दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याशी. मुलगा शर्टाच्या बटणाशी झटत असतो. बटण काजापर्यंत येते आणि बोटातून निसटते; पुन्हा येते, पुन्हा निसटते. खाली शाळेची रिक्षा भोंगा वाजवीत असते. आणि घरातले कोणीतरी पुढे होऊन म्हणते, "राहू दे, मी लावते."

या चार शब्दांइतके मायाळू आणि या चार शब्दांइतके घातक असे दुसरे काही मला माहीत नाही. रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर आपण रोज सकाळी देत असतो आणि ते 'काही होणार नाही' असे असते.

आपल्या जुन्या घरांतून तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा असे. मूल त्याला धरून दोन महिने ओसरीभर फिरे. मग एके दिवशी ते गाडा सोडून चार पावले टाकी, धपकन पडे, रडे आणि पुन्हा उठे. त्यानंतर गाडा माळ्यावर जाई, तो पुढचे बाळ येईपर्यंत. गाड्याचे सारे मोल तो बाजूला सारण्यात आहे हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले नव्हते. पण मूल जरा मागे राहिलेले दिसले, त्याला 'गतिमंद' किंवा 'स्वमग्न' असे नाव मिळाले, की हेच शहाणे घर वेडे होते. मायेचा पांगुळगाडा तयार होतो आणि तो जन्मात माळ्यावर जात नाही. सोळा वर्षांच्या मुलाला आई न्हाऊ घालते, वडील भात कालवून भरवतात, बहीण त्याच्या चपलेचा पट्टा लावते. येणारेजाणारे डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "किती करतात हो त्याचे!" त्या पोराच्या आयुष्याचा पायाच आपण काढून घेत आहोत हे मात्र कोणी म्हणत नाही.

पूर्वी या वेडेपणाला निदान एक दुःखद निमित्त होते. ही मुले फार जगत नसत. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य अमेरिकेसारख्या संपन्न देशातही १९८३ च्या सुमारास पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज तेथे ते साठीच्या घरात गेले आहे. यांतल्या पुष्कळ मुलांना जन्मतःच हृदयाचा दोष असतो. त्यावर आता शस्त्रक्रिया होते, छातीचे रोग औषधांना दाद देतात. आपल्याकडेही ज्यांना उपचार मिळतात ती मुले मोठी होतात, त्यांचे केस पांढरे होतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण हिशेब मांडून पाहा. आईच्या तिसाव्या वर्षी झालेला मुलगा साठ वर्षे जगला, तर तो साठीत असताना आई नव्वदीची असेल किंवा नसेल. नसण्याचाच संभव अधिक. म्हणजे त्याच्या आयुष्याची निदान दहावीस वर्षे त्या हातांवाचून जायची आहेत, ज्या हातांनी त्याला बटण लावू दिले नाही.

येथे आईला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आपल्या समाजाला ती सवयही आहे. मला तसे करायचे नाही. सकाळी डबा, पाणी, कचेरीची गाडी आणि त्यात हे मूल, अशा कात्रीत सापडलेल्या बाईला "त्याला अर्धा तास बटण लावू द्या" असे सांगणाऱ्याने आधी तिच्या घरातली कणीक मळून द्यावी. दोष आहे तो बाकीच्या घराचा. वडील वर्तमानपत्राआडून सल्ला देतात. आजी म्हणते, "बिचाऱ्याला कशाला राबवतेस?" शेजारीण म्हणते, "पाहवत नाही बाई!" ज्यांना पाहवत नाही त्यांनी डोळे मिटावेत. आपल्याला पाहवत नाही म्हणून दुसऱ्याचे शिकणे बंद पाडण्याचा अधिकार कोणाला नाही.

हेलन केलरची गोष्ट आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पंपाचे पाणी हातावर पडते, ॲनी सलिव्हन दुसऱ्या तळहातावर अक्षरे लिहिते आणि आंधळ्या-बहिऱ्या मुलीच्या मनात भाषेचा उजेड पडतो. हा प्रसंग १८८७ च्या एप्रिलमधला. पण त्याच्या सुमारे महिनाभर आधी काय घडले ते सांगायला आपण विसरतो. सलिव्हनबाई त्या घरी आल्या तेव्हा ही सहा वर्षांची मुलगी जेवणाच्या टेबलाभोवती फिरून ज्याच्या त्याच्या ताटात हात घालीत असे आणि घरचे लोक "बिचारी!" म्हणून सोसत असत. वीस वर्षांच्या या शिक्षिकेने घरच्यांना बाहेर काढले, दाराला कुलूप लावले आणि मुलीच्या हातात चमचा दिला. तिने तो फेकला; बाईंनी पुन्हा दिला. लाथा, चिमटे, आक्रोश सारे झाले. शेवटी ती चमच्याने जेवली. मग हातरुमालाची घडी घालण्यावरून दुसरी लढाई झाली. पुढे बाईंनी तिला घरच्या मायेपासून दूर, बागेतल्या लहानशा घरात नेऊन ठेवले, कारण मुलगी रडलेली वडिलांना खपत नसे. पंपाच्या पाण्याआधी चमचा आला. आपण पाण्यावर निबंध लिहितो आणि चमचा विसरतो. आज कोणी शिक्षिका दाराला कुलूप घालणार नाही, घालूही नये. शिकवण्याचे सौम्य मार्ग आता ठाऊक झाले आहेत. पण चमचा मुलाच्याच हातात हवा, ही तिची गोष्ट जुनी झालेली नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. मारिया माँटेसोरी या नावाने आज गल्लोगल्ली बालवर्ग चालतात. या बाईंनी आपले काम प्रथम कोणत्या मुलांत केले? रोममधल्या, वेड्यात काढलेल्या मंदबुद्धी मुलांत. सेगँ या फ्रेंच वैद्याच्या पद्धतीवरून त्यांनी साधने घडवली. आणि त्या मुलांत जे साधले तेच १९०७ साली त्यांनी गरीब वस्तीतल्या साध्या मुलांसमोर ठेवले. त्यांच्या साधनांत बटणे, बंद आणि नाड्या बसवलेल्या लाकडी चौकटी आहेत. पाणी ओतणे, फरशी पुसणे, ताटे मांडणे हा अभ्यासक्रम आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती दृष्टी बोर्डी-कोसबाडच्या मातीत रुजवली, महागड्या लाकडी साधनांऐवजी गावातल्या शंखशिंपल्यांनी आणि बियांनी. आज काय झाले आहे? ती पद्धत भरमसाट फी भरणाऱ्यांच्या मुलांची झाली आणि जिच्यापासून ती शिकली गेली त्या विशेष मुलाला मात्र तिच्या दारातून परत पाठवतात.

"पण त्याला जमतच नाही हो!" हा आक्षेप मी शिक्षक म्हणून नेहमी ऐकतो. जमत नाही, कारण आपण 'शर्ट घाल' हे एक काम समजतो. ते एक काम नाही. शर्टाची पुढची बाजू ओळखणे, उजवा हात बाहीत घालणे, पाठीमागून शर्ट ओढून डावी बाही शोधणे, कॉलर सरळ करणे, दोन्ही कडा समान धरणे आणि मग एकेक बटण, अशी ती दहाबारा कामे आहेत. ज्यांनी या मुलांना शिकवण्यात आयुष्य घातले त्यांनी एक साधी युक्ती शोधून ठेवली आहे : शेवटापासून शिकवा. सगळी कामे तुम्ही करा. शेवटचे बटणही अर्धे काजातून ओढून ठेवा. मुलाने फक्त ते पुढे खेचायचे. झाले, शर्ट त्याने घातला! आठ-पंधरा दिवसांनी ते बटण पूर्ण त्याचे. मग शेवटची दोन. अशी एकेक पायरी मागे यायची. पहिल्यापासून शिकवले की प्रत्येक धडा मुलाच्या अपयशावर आणि आपल्या हातावर संपतो. शेवटापासून शिकवले की प्रत्येक धडा त्याच्या हातावर आणि त्याच्या हसण्यावर संपतो.

तसेच आपल्या मदतीचे. प्रथम त्याच्या हातावर आपला हात. मग नुसता कोपराला स्पर्श. मग बोटाने खूण. मग नुसते पाहणे. आणि शेवटी हात पाठीमागे बांधून गप्प उभे राहणे. ही शेवटची पायरी मुलाला सोपी जाते, मोठ्यांनाच जमत नाही. स्वमग्न मुलाला शब्दांच्या भडिमारापेक्षा भिंतीवर क्रमाने लावलेली चित्रे उमगतात : तांब्या, साबण, टॉवेल, कपडे. त्याला खर्च काय तो कागदाचा. नाडीची गाठ काही केल्या येत नसेल तर नाडीचा हट्ट धरू नका, इलॅस्टिक लावा. बुटाची नाडी नको, पट्टा चालेल. आपल्याला गाठी मारणारा मुलगा घडवायचा नाही, आपली विजार आपण नेसणारा घडवायचा आहे.

आता माझ्या पेशाकडे वळतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा झाला, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. पहिल्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क मान्य केला. दुसऱ्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी तो अठरापर्यंत नेला, अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा ठेवल्या. त्यांपैकी एक टक्का बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे असलेल्यांसाठी. कायदे चांगले आहेत. पण पुष्कळ शाळांतून त्यांचा अर्थ एवढाच झाला की विशेष मुलाला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. शेजारचा हुशार मुलगा त्याची वही लिहून देतो, बाई तांबड्या शाईने 'छान' लिहितात आणि मूल वरच्या वर्गात ढकलले जाते. आठ वर्षे 'अ' गिरवून झालेल्या मुलाला नववे वर्ष पुन्हा 'अ' गिरवायला देणे हा शिक्षणाचा हट्ट नव्हे, शिक्षकाचा आळस आहे. त्याला अननसाचा 'अ' येणार नसेल तर न येवो. 'धोका', 'पुरुष', 'स्त्रिया', 'बंद', बसचा क्रमांक आणि स्वतःचे नाव ही अक्षरे चित्रासारखी ओळखायला तो शिकू शकतो, आणि त्याच्या आयुष्यात हीच अक्षरे उभी राहणार आहेत.

हिशेबही तसाच. वर्गात पुठ्ठ्याच्या नोटा घेऊन भातुकलीचे दुकान मांडतात. पाहुणे आले की टाळ्या वाजतात. पण या मुलांचे शिकणे एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. वर्गातल्या दुकानात बिनचूक वागणारा मुलगा कोपऱ्यावरच्या वाण्यापुढे गोंधळतो, कारण तेथे गर्दी असते, वाणी घाईत असतो आणि नोट मळकी असते. म्हणून त्याला वाण्याकडेच न्या. खरी वीस रुपयांची नोट, खरी बिस्किटे, खरी मोड. वाण्यालाही चार दिवसांत थांबायची सवय लागते. शिकवण्याची अर्धी गरज त्यालाच असते.

दिवाळीच्या आधी विशेष मुलांच्या शाळांची टेबले कचेऱ्यांत आणि सभागृहांच्या आवारात लागतात. रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील, उटण्याच्या पुड्या. अशा एखाद्या टेबलापाशी दोन मिनिटे थांबून पाहा. मुले मागे खुर्चीवर हात जुळवून बसलेली असतात. माल शिक्षिका दाखवतात, भाव स्वयंसेवक सांगतात, पैसे दुसऱ्याच बाई मोजून डब्यात टाकतात. गिऱ्हाईक पणतीकडे पाहत नाही; पणती तिरकी असली तरी "राहू द्या सुटे" म्हणून पुढे जाते. या देवघेवीत सगळ्यांना पुण्य मिळते. ज्याने पणती रंगवली त्याला नुसता नमस्कार मिळतो. माझी मागणी साधी आहे. गल्ल्याचा डबा मुलाच्या पुढ्यात ठेवा. त्याला मोड द्यायला दोन मिनिटे लागतील. गिऱ्हाइकाने ती दोन मिनिटे द्यावीत. पणती तिरकी असेल तर तसे सांगावे आणि दुसरी मागावी. चुकीचे चूक म्हणून सांगणे हाही मान देण्याचा एक प्रकार आहे.

आपल्याकडे मार्ग दाखवणारे कोणी नव्हते असे नाही. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून आहे. पुण्यात १९६४ साली कामायनी निघाली. आज गावोगावी लहानमोठ्या शाळा आणि कार्यशाळा आहेत. तेथल्या शिक्षिका सहा महिने खपून मुलाला आपले ताट आपण घासायला शिकवतात. मग मेमहिन्याची सुटी लागते, मुलगा आजोळी जातो, आणि जूनमध्ये परततो तो हाताची घडी घालून. आजोळने त्याचे लाड केलेले असतात!

आता एक अवघड गोष्ट. सणाच्या अंकात ती नको असे कोणास वाटेल. पण मुली सणालाही मुलीच असतात. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण सांगण्यात आले ते असे की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही. महाराष्ट्रातल्या स्त्री-संघटनांनी त्यावर आवाज उठवला. घडी बदलणे, ती कागदात गुंडाळून टाकणे, हात धुणे, कॅलेंडरवर खूण करणे हे चार महिन्यांचे, फार तर चार वर्षांचे शिक्षण आहे. पुष्कळ गतिमंद मुली ते शिकतात. शिकवण्याचा कंटाळा किती दूरवर जाऊ शकतो हे त्या घटनेने दाखवले. आणि दुसरे असे की ज्या मुलीला वा मुलाला जन्मभर कोणीही न्हाऊ घालते, कोणीही कपडे बदलते, त्याला आपल्या अंगाला परक्याचा हात लागणे यात काही वावगे आहे हे कळणार कसे? न्हाणीघराचे दार आतून लावायला शिकवणे ही स्वच्छतेची बाब आहेच. तिच्याहून ती रक्षणाची बाब आहे.

"गॅसने भाजला तर? रस्त्यात हरवला तर?" हा प्रश्न खरा आहे, मी त्याला हसणार नाही. पण आपल्या थोरल्या मुलाला सायकल दिली तेव्हा तो पडणार हे आपल्याला ठाऊक होते. गुडघे फुटले, आपण हळद लावली, सायकल काढून घेतली नाही. १९७२ साली रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाने हाच मुद्दा मांडला : धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा आहे आणि मंदबुद्धी माणसाकडून ती आपण संरक्षणाच्या नावाखाली काढून घेतो. गॅसची भीती वाटते तर विजेच्या किटलीपासून आरंभ करा. रस्त्याची भीती वाटते तर महिनाभर दहा पावले मागून चाला. खिशात नाव, पत्ता, दूरध्वनी लिहिलेले कार्ड ठेवा आणि हरवल्यावर ते कोणाला दाखवायचे हे शिकवा. आज आपण मागे उभे असताना जो धोका टळला असे वाटते, तो टळलेला नसतो. आपण नसू त्या दिवसावर ढकललेला असतो.

आणि ज्या मुलांचे हातच वळत नाहीत, मान ठरत नाही, त्यांचे काय? त्यांना स्वावलंबन नाहीच काय? आहे. स्वावलंबन म्हणजे सगळे एकट्याने करणे नव्हे. तसे असते तर पन्नाशीतही ज्याला स्वतःचा पंचा सापडत नाही आणि चहाची पूड कोणत्या डब्यात असते हे ठाऊक नाही, त्या सुदृढ मराठी गृहस्थालाही अपंगत्वाचा दाखला द्यावा लागला असता. तो गृहस्थ परावलंबी ठरत नाही, कारण घरात त्याचा शब्द चालतो. तोच शब्द त्या मुलाचा चालला पाहिजे. आज निळा शर्ट की पांढरा, भात आधी की पोळी, कोणाच्या हातून जेवायचे आणि पोट भरले की "पुरे" म्हणायचे. बोलता येत नसेल तर डोळ्यांनी, चित्रावर बोट ठेवून. २०१६ चा कायदा पालकत्वही मर्यादित मानतो आणि निर्णय त्या व्यक्तीसह, परस्पर विश्वासाने घ्यावेत असे सांगतो. मालमत्तेच्या कागदावर त्याचे मत घ्यायला कायदा तयार झाला. आणि आपण त्याला भाजी विचारीत नाही.

आता दिवाळी आहे. वर्षभराच्या घाईतून घराला चार दिवस मोकळे मिळाले आहेत, तेव्हा शाळा उघडायला याहून चांगला मुहूर्त नाही. नरकचतुर्दशीला त्याला सगळ्यांत शेवटी घाईघाईने न्हाऊ घालण्याऐवजी तासभर आधी उठवा आणि तेलाची वाटी त्याच्या हातात द्या. पाठ तेवढी तुम्ही चोळा. चकलीचा सोऱ्या फिरवायला बळ लागते, अक्कल फारशी लागत नाही. तो त्याच्याकडे द्या. लाडू लहानमोठे वळले जातील. पाहुण्यांना तसेच द्या आणि कोणी वळले ते सांगा. लक्ष्मीपूजनाला पैसे त्याच्यासमोर मोजा, मग त्याला मोजू द्या. पाडव्याला कोपऱ्यावरून दूध आणायला त्याला एकटे पाठवा आणि गॅलरीतून पाहायचे असेल तर त्याला दिसणार नाही असे पाहा. भाऊबीजेला बहीण ओवाळील तेव्हा त्याच्या वतीने वडिलांनी ताटात नोट टाकू नये. पणत्या विकून मिळालेले असोत, घरातल्या कामाबद्दल दिलेले असोत, ते पैसे त्याच्या खिशात आधी असावेत आणि त्याने ते काढून ताटात ठेवावेत. खिशातून नोट निघायला वेळ लागेल. निरांजन हातात धरून बहीण उभी राहील. वात विझू लागली तर तेल घाला. पण त्याच्या खिशात हात घालू नका.